उंबरठा ओलांडून आलेले कातडे

बाईने पैसे ठेवावेत कोठे, या प्रश्नाला आपल्याकडे पुष्कळ काळ दोनतीनच उत्तरे होती. पदराची गाठ, लुगड्याची कनवटी, नाही तर खणाच्या तुकड्याचा बटवा. देवदर्शनाला निघालेल्या बाईचे दोन आणे पदराच्या टोकाला बांधलेले असत. सुपारी, लवंग आणि चुन्याची डबी यांची सोय कापडी चंचीत होई. या सर्व वस्तू कापडाच्या. घरंदाज म्हणविणाऱ्या बाईच्या हाती कातड्याची पिशवी दिसत नसे. एकोणिसाव्या शतकात काशीबाई कानिटकर पायांत जोडे घालून आणि हाती छत्री घेऊन पुण्याच्या रस्त्याने गेल्या, तेव्हा लोकांनी दगड मारले असे सांगतात. जोड्यांचे हे झाले. मग हातातल्या पिशवीची गोष्ट दूरच.

ती पिशवी आली मुलींच्या शाळांबरोबर, इस्पितळांबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, आणि पुढे आपल्या सोलापुरातही त्याचे काम सुरू झाले. शिकलेली बाई शिक्षिका झाली, परिचारिका झाली, पुढे टपाल कचेरीत आणि बँकेत बसू लागली. महिन्याचा पगार, घराच्या किल्ल्या, बसचा पास, चष्मा आणि शिक्क्याचे कागद पदराच्या गाठीत मावत नाहीत. तेव्हा चापाची, आखूड बंदाची, तपकिरी नाही तर काळी अशी कातडी पर्स घरात आली. पुष्कळ घरांत ती पहिल्या किंवा दुसऱ्या पगारातून घेतलेली वस्तू होती, आणि म्हणूनच ती फाटली तरी टाकली गेली नाही.

आज अशा पर्स आपल्या कपाटांच्या वरच्या फळीवर पडून आहेत. कोणाच्या आईची, कोणाच्या आत्याची, कोणाच्या सासूबाईंची. मंडळात गोष्ट निघाली की भगिनी विचारतात, ही पुन्हा रंगवता येईल का? घरच्या घरी येईल का? येते, असे माझे उत्तर आहे. पण त्याआधी ते कातडे कोठून आले आणि कोणत्या हातांतून आले, हे ठाऊक असले पाहिजे. रंग बिघडतो तो हात वाईट असल्यामुळे क्वचितच. बहुधा कातड्याची जात न ओळखल्यामुळे बिघडतो.

कातड्याचा विटाळ मानणाऱ्या घरांत कातडे किती होते, हे पाहिले म्हणजे गंमत वाटते. विहिरीचे पाणी बैल ओढीत ते कातड्याच्या मोटेतून. तेल आणि तूप दूरवरून येई ते कातड्याच्या बुधल्यांतून. हिंग येई तो कातड्यात शिवून. देवळातला पखवाज कातड्याचा, आणि जपाला बसण्याचे मृगाजिन तर कातडेच. एवढे सगळे कातडे शुद्ध ठरले आणि ते कमावणारा मनुष्य तेवढा गावाबाहेर राहिला. सोवळ्याचे शास्त्र फार सोयीचे होते, असे म्हणण्यापलीकडे मला त्याचे दुसरे स्पष्टीकरण सुचत नाही.

सोलापूरकरांना तर ही गोष्ट परकी वाटू नये. आपले ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर ज्या शरणांच्या काळातले, त्याच बाराव्या शतकातल्या शरणांत कातडे कमावणारे कक्कय्या होते आणि जोडे शिवणारे हरळय्या होते. आपल्याकडे कातडे कमावणारा ढोर समाज स्वतःला कक्कय्या म्हणवितो तो त्याच शरणाच्या नावाने. हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांची कथा कन्नड मुलखात घरोघरी ठाऊक आहे, आणि सोलापुरातही ती सांगितली जाते. बसवेश्वरांनी आपल्याला उलट नमस्कार केला, त्याचे ऋण फेडावे कसे, म्हणून या नवराबायकोने आपापल्या मांडीचे कातडे काढून त्यांच्यासाठी जोडे शिवले, अशी ती कथा. कथा कथेच्या ठिकाणी राहू द्या. तिच्या पुढचा भाग इतिहासाला अधिक जवळचा आहे : हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मधुवरसांची मुलगी यांचे लग्न शरणांनी लावले, त्यावरून कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, हलकल्लोळ उडाला, आणि बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा दिली. सोलापुराहून बसवकल्याण काही फार दूर नाही. कातड्याला शिवणारा हात आणि पोथीला शिवणारा हात एका मांडवात आणण्याची ती किंमत होती.

कल्याणम्मांचे नाव येथे घेतले त्याला आणखी एक कारण आहे. कातड्याच्या कामाला बायकांचा हात लागला तो महिला मंडळांच्या हस्तकलेच्या वर्गांत, अशी एक समजूत मध्यमवर्गात आहे. ती खरी नाही. कोल्हापुरी वहाणेवरची बारीक वेणी पाहा. ती वेणी घालणे, बारीक शिवण आणि वरची सजावट ही कामे चर्मकार घरांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांच्या कामाला कोणी हस्तकला म्हटले नाही, इतकेच.

आता कमावण्याची रीत. जनावराचे कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवले म्हणजे केस सैल होतात आणि ते खरवडून काढता येतात. मग चुना धुऊन टाकायचा आणि कातडे सालीच्या पाण्यात घालायचे. आपल्या भागात ती साल बाभळीची, आणि तिच्या जोडीला हिरडा. साल आणि हिरडा यांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंत शिरून बसते. मग ते कातडे कुजत नाही आणि वाळून फळीसारखे ताठही होत नाही. या द्रव्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात. आपल्या मुलखातली जुनी रीत अशी की कातडे कडेने शिवून त्याचीच एक मोठी पिशवी करावयाची, तिच्यात साल, हिरडा आणि पाणी भरावयाचे आणि ती तिकाटण्याला टांगून ठेवावयाची. पाणी कातड्यातून झिरपते, खाली साठते, ते पुन्हा वरून ओतायचे. असे दिवसच्या दिवस चालते. तेव्हा कातड्याची पहिली पिशवी होते ती कमावणाऱ्याच्या अंगणात, बाजारात नव्हे. ही गोष्ट मला फार आवडते. आपण जिला पर्स म्हणतो ती त्या कातड्याची दुसरी पिशवी असते.

हे टॅनिन स्वयंपाकघरात कोणाला ठाऊक नाही? लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळाभोर होतो. हिरड्याचे पाणी लोखंडाच्या भांड्यात राहिले की शाईसारखे दिसते, आणि जुन्या काळी शाई करीत ती याच गुणावर, हिरडा आणि हिराकस यांची. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे काळे करण्याची कारागिरांची जुनी युक्तीही हीच. कातड्यात टॅनिन आधीच भरलेले असते. त्यावर लोखंडाचे पाणी किंवा हिराकस फिरवला की ते स्वतःच काळे पडते. वरून रंग लावल्यासारखे ते नसते. रंग आतूनच उमटतो. म्हणजे ज्या विद्येला आपण उंबरठ्याबाहेर ठेवले, तिचा निम्मा भाग आपल्या चुलीजवळच होता. आजही कोणी ही युक्ती घरी करून पाहते. वहाणेला ती चालेल. जपून ठेवण्याच्या पर्सला मात्र करू नये असे मी सांगेन, कारण लोखंडाने काळे केलेले कातडे पुढे ठिसूळ होत जाते.

सालींत आणखी एक साल आहे, तरवडाची. सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या माळावर पिवळ्या फुलांनी भरलेले हे झुडूप आपण सर्वांनी पाहिले आहे. दक्षिणेत, विशेषतः मद्रासकडे, या सालीने बकऱ्या-मेंढ्यांची आणि गाई-बैलांची कातडी कमावून वरून हिरड्याचा हात देत, आणि ते कातडे जहाजांतून लंडनला जाई. तेथे त्याला ‘ईस्ट इंडिया’ कातडे म्हणत, आणि तरवडाला इंग्रजीत ‘टरवार’ असे आपल्याच शब्दावरून नाव पडले. ते स्वस्त होते आणि रंग फार छान घेई, म्हणून पुस्तकांच्या बांधणीला त्याचा मोठा खप झाला. पुढे पुस्तकांची कातडी झडू लागली. तांबडी भुकटी हाताला लागे आणि पाठ गळून पडे. तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली या विषयावर एक समिती नेमली. तिने असे ठरविले की काही जातींच्या साली, तरवड त्यांतलाच, उजेडाने आणि हवेतल्या गंधकाच्या आम्लाने लवकर खराब होतात. त्या काळी घरोघरी गॅसचे दिवे जळत, त्यांच्या धुराचाही यात वाटा होता. ज्या कातड्याने आपल्या माळावरचे झुडूप लंडनच्या ग्रंथालयांत पोहोचवले, त्याला तेथे असा शेरा मिळाला.

या इतिहासाचा आपल्या कपाटाशी सरळ संबंध आहे. जुनी पर्स उघडली आणि बंदाच्या वळणापाशी किंवा चापाच्या आत विटकरी भुकटी हाताला लागली, तर ते कातडे याच रोगाने झडू लागले आहे असे समजावे. त्यावर रंग लावू नये. पाणी तर मुळीच लावू नये. ओल लागली की ते जागच्या जागी काळे आणि कडक होते. ग्रंथालयांतले जतन करणारे लोक अशा कातड्याला स्पिरिटात विरघळवलेले एक सेल्युलोजचे पातळ द्रव्य पाजून भुकटी थांबवतात. तेवढी सोय नसेल तर सुती कापडात सैल गुंडाळून ती तशीच ठेवावी. सर्वच जुन्या वस्तू वापरात परत आणता येत नाहीत.

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे दुसऱ्या जातीचे कातडे आले. क्रोमियम धातूच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे जर्मनीत फ्रिडरिश क्नाप याने १८५८ साली दाखविले होते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली त्याची व्यवहारात चालणारी रीत काढली. आपल्या देशात मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन याने १९०३ च्या सुमारास त्याचे प्रयोग केले, आणि ते कशासाठी, तर शेतीच्या मोटेसाठी! पाण्यात सतत बुडणाऱ्या मोटेला टिकाऊ कातडे हवे, हा त्याचा मुख्य विचार होता. डॉ. नीलरतन सरकार यांनी कलकत्त्यात १९०५ साली नॅशनल टॅनरी काढली ती स्वदेशीच्या भरात. १९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्मसंशोधन संस्था उभी राहिली. सालीला आठवडे आणि महिने लागत, तेथे क्रोमला दिवस पुरू लागले. कातडे मऊ झाले, हलके झाले, आणि पाहिजे त्या रंगाचे मिळू लागले. बाजारातल्या पर्स बहुतेक याच कातड्याच्या होऊ लागल्या.

दोन्ही ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कापलेली कड. पर्सच्या आत, अस्तराखाली, एखादी न रंगवलेली कड सापडतेच. ती तपकिरी किंवा बदामी असेल तर सालीचे कातडे. निळसर करडी असेल तर क्रोमचे. हा भेद आम्हा सोलापूरकरांनी विशेष ध्यानात ठेवावा असे मला वाटते, कारण आमच्या शहराला सुताच्या रंगाची सवय आहे. मागावरचे सूत, चादर, टॉवेल हे सर्व उकळत्या पाण्याच्या रंगात बुडवले जाते, आणि घरात रंगाची पुडी असली की हात आपोआप पातेल्याकडे जातो. सालीचे कातडे ७५-८० अंशांच्या पाण्यात गेले की आक्रसते. त्याचे सुके जर्दाळू होते, आणि ते पुन्हा सरळ होत नाही. क्रोमचे कातडे उकळी सोसते, पण शिवलेली पर्स सोसत नाही. आतला पुठ्ठा, खळ आणि अस्तर यांची वाट लागते. सुताचा रंगारी आणि कातड्याचा रंगारी हे दोन वेगळे कारागीर होते, ते उगीच नव्हे.

मधल्या काळात दोन ठिकाणी कातड्याकडे नव्या दृष्टीने पाहिले गेले, आणि त्या दोहोंचा मागमूस आपल्या मंडळांत लागतो. एक वर्धा. गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० नंतरच्या दशकात चर्मालय चालले आणि गोपाळराव वाळुंजकर यांनी ते चालविले. आपोआप मेलेल्या जनावराचेच कातडे घ्यावयाचे, ते गावातच कमावावयाचे, त्या कामाची किळस मोडून काढावयाची, असा त्यामागचा विचार. दुसरे ठिकाण शांतिनिकेतनजवळचे श्रीनिकेतन. रथींद्रनाथ ठाकूर आणि प्रतिमादेवी यांनी तेथे कातड्यावरची कला आणली : ईस्ट इंडिया कातडे ओलसर करून त्यावर नक्षी दाबावयाची, मग स्पिरिटात विरघळणारे रंग कापसाने आणि कुंचल्याने भरावयाचे, आणि कडा कातडी वादीने गुंफावयाच्या. ‘शांतिनिकेतनी’ पर्स म्हणून जी आपण ओळखतो ती हीच, आणि २००७-०८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

स्वातंत्र्यानंतर जागोजागच्या महिला मंडळांनी कातडी कामाचे वर्ग काढले ते श्रीनिकेतनच्या वळणाचे. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, रंगाच्या बाटल्या मांडून बायका पाकिटे, चष्म्याची घरे आणि पर्स रंगवीत. कातडे कोणी कमावले याची चौकशी तेथे होत नसे. ते गुंडाळीने, स्वच्छ, वास गेलेले असे दुकानातून येई. नालवाडीचा वाटा आपण उचलला नाही, श्रीनिकेतनचा तेवढा उचलला. रंग घेतला, साल ठेवून दिली. तरीही त्या वर्गांचे मोल मी कमी मानीत नाही. ज्या बाईच्या आजीने कातड्याला शिवल्यावर अंघोळ केली असती, ती स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत बसून कातडे रंगवू लागली, आणि घरात कोणी काही बोलले नाही. एवढा बदल पन्नास वर्षांत झाला.

अशी शांतिनिकेतनी पर्स आपल्याकडे असेल तर तिच्यावर नवा रंग चढवू नका. तिचे मोल नक्षीत आणि त्या पातळ, पारदर्शक रंगात आहे. कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, रंगहीन मेणाचा अगदी हलका हात द्यावा, आणि पुरे.

राहिल्या इतर पर्स. त्यांत प्रथम एक फसवी जात वेगळी काढावी लागते, ती रेक्झिनची. रेक्झिन हे मूळ विलायतेतल्या एका कृत्रिम कातड्याचे व्यापारी नाव, कापडावर सेल्युलोजचा थर दिलेले. आपल्याकडे पुढे प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडालाही तेच नाव पडले. फाटलेल्या जागी विणलेल्या कापडाचे धागे दिसले की ते कातडे नव्हे. त्यात कातड्याचा रंग शिरत नाही. थर सोलू लागला असेल तर त्यावर मेहनत करण्यात अर्थ नाही.

खरे कातडे असेल तर पाण्याचा एक थेंब तळाशी, न दिसणाऱ्या जागी टाकावा. थेंब शोषला जाऊन डाग गडद झाला तर कातडे उघडे आहे, त्यात रंग मुरेल. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर वर रंगाचा थर किंवा लाखेसारखा लेप आहे. तेथे मुरणारा रंग उपयोगाचा नाही, थराचा रंगच लावावा लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या बाजारी पर्स बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. त्यांच्या कोपऱ्यांवरचा थर झिजतो आणि खालचे फिके कातडे दिसू लागते. पुष्कळदा पर्स जुनी दिसते ती एवढ्यानेच, कातडे आत धड असते.

आपल्या घरांत यावर एकच औषध होते : बुटाचे पॉलिश. किवी पॉलिश ऑस्ट्रेलियात १९०६ साली निघाले, आणि डबीतले असे मेणपॉलिश हळूहळू जगभर पसरले. शाळेच्या बुटांसाठी आणलेली डबी पर्सलाही लागू लागली. बूट कोणाच्या साडीला घासत नाही, पर्स घासते. पांढऱ्या पातळाच्या कमरेशी तपकिरी पट्टा उठला म्हणजे ही गोष्ट कळे. वर्षानुवर्षे लावलेले ते मेण कोपऱ्यांत आणि शिवणीत काळे होऊन साचते, आणि नवा रंग त्यावर धरत नाही. म्हणून रंगाआधी सगळे मेण काढणे हे खरे काम आहे. तीच गोष्ट खोबरेल तेलाची. मोटेला आणि वहाणेला तेल पाजण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तेथे ती योग्यही आहे. पण पर्सला ओंजळभर खोबरेल चोळले की काळे डाग पडतात, आणि त्या डागांवर कोणताही रंग सारखा बसत नाही.

माझी रीत सांगते. पर्स रिकामी करून अस्तर बाहेर ओढावे, कोपऱ्यातला कचरा ब्रशाने झाडावा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा फेस करून फडके पिळून घ्यावे, इतके की ते ओलसर राहील, ओले नव्हे, आणि त्याने बाहेरून पुसावे. एक दिवस सावलीत वाळू द्यावे. सोलापूरच्या उन्हात ठेवू नये. आपल्याकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि गच्चीवर एका दुपारी कातड्याला तडे पडतात. दुसऱ्या दिवशी कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. बोळ्याला जुने मेण आणि थोडा रंग लागेल. बोळा स्वच्छ निघेपर्यंत नवा नवा घ्यावा, पण घासू नये. बारीक तडे असतील तर ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने ते मऊ करावेत. खोल तडा असेल तर कातड्यासाठी मिळणारे भरण अगदी थोडे भरून वाळवावे.

मग रंग. पाण्यात मिसळणारे, ॲक्रिलिकचे, खास कातड्यासाठी केलेले रंग आता मोठ्या शहरांत सहज मिळतात आणि टपालाने घरीही येतात. भिंतीचा किंवा लाकडाचा ऑइलपेंट चुकूनही वापरू नये. बंद वाकला की त्याचे पापुद्रे निघतात. मूळ रंग चापाखाली किंवा खिशाच्या आत शाबूत असतो, त्याच्याशी जुळवून रंग मिसळावा, आणि वाळल्यावर तो गडद दिसतो हे ध्यानात धरून एक छटा फिका ठेवावा. स्पंजच्या तुकड्याने इतका पातळ हात द्यावा की पहिल्या वेळी काही झालेच नाही असे वाटेल. वाळू द्यावे. दुसरा, तिसरा, लागल्यास चौथा. आम्हा बायकांना घाई फार, पाहुण्यांच्या आधी घर आवरण्याची सवय. एका जाड हातात काम उरकले की पर्सचे नैसर्गिक रंध्र बुजून ती प्लॅस्टिकची दिसू लागते. कोपरे, बंद आणि मूठ यांना घामाचे तेल अधिक लागलेले असते. तेथे स्पिरिटचा बोळा दोनदा फिरवावा. शेवटी वरून संरक्षक लेपाचा एक पातळ हात, आणि दोन दिवस न हाताळता ठेवावे.

काळ्याचे तपकिरी करण्याचा मोह टाळावा. मुरणाऱ्या रंगाने फिक्याचे गडद होते. गडदाचे फिके होत नाही. थराच्या रंगाने ते करता येते, पण कोपरा झिजला की खालचा काळा रंग लगेच डोकावतो. शिवाय ती पर्स ज्यांची होती त्यांनी ती काळीच वापरली होती. याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणि एक काम घरी करू नये, ते शिवणीचे. निघालेला बंद सुईदोऱ्याने ओढून घेतला की कातड्याला नवी भोके पडतात, आणि भोकांच्या रांगेत ते पुढे फाटते. कोपऱ्यावर बसलेला चर्मकार आरीने जुन्याच भोकांतून मेणाचा दोरा काढतो; ते कसब पाच मिनिटांत दिसते आणि पाच वर्षांत येत नाही. त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणे मला कधी रुचले नाही. पर्सच्या दुकानात सांगितलेली किंमत आपण मुकाट्याने देतो.

हा कारागीर आणि त्याच्या मागचा कमावणारा, दोघेही आता थोडे उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने १९७४ साली चर्मोद्योगासाठी महामंडळ काढले, त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. कोल्हापुरी वहाणेला २०१८-१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्याबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना ठाऊक नसते. शेजारच्या कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि बागलकोट हे चार जिल्हेही त्यात आहेत. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीला बंदी आली आणि जाड कातडे मिळणे कठीण झाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा दाखविल्या आणि आधी कारागिरांचे नावही घेतले नाही; ओरड झाल्यावर मान्य केले. वर्तमानपत्रांत काही दिवस त्याची फार चर्चा झाली. सालीच्या हौदाशी उभ्या असलेल्या माणसाबद्दल तीत फारसे काही नव्हते.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी पर्स चर्मकाराकडे न्यावी, बंद आणि चाप पक्का करून घ्यावा, त्याची मजुरी द्यावी, आणि कातडे सालीचे की क्रोमचे हेही त्यालाच विचारावे. तो वासावरून आणि वाकवून सांगतो, कड पाहण्याचीही त्याला गरज पडत नाही. रंग मागून, घरी. रंगवलेली पर्स कागदाचे बोळे भरून, जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस जोर धरतो, तेव्हा महिन्यातून दोनदा ती बाहेर काढून वाऱ्याला ठेवावी, आणि बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर कोरड्या फडक्याने घराबाहेर झटकावा.